अकरा तावदानं, सात ट्यूब

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी पावणेतीन वाजता, चंडीगडमध्ये माझ्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर उपडा घातलेला पुठ्ठ्याचा एक खोका उचलण्यात आला. खोक्याखाली एका वाचनालयाचं मॉडेल होतं. त्याची अकराही पारदर्शक तावदानं पांढरी पडली होती. ज्या परीक्षेसाठी ते मॉडेल बनवलं होतं ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती.

खोका उचलला माझ्या भाचीने. घातला होता तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दाजींनी. मी त्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसून किन्नू, म्हणजे इथलं संत्रं, सोलत होतो.

दाजी मूळचे अमरावतीचे. एकतीस वर्षं ते मोहालीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते, गुणवत्ता तपासणीत. निवृत्त झाले तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते. केसाच्या जाडीइतकी चूक असलेला भाग ते परत पाठवत आणि पाठवल्याचं घरी येऊन सांगत. घरी मात्र त्यांच्या हातात मोजपट्टी मी कधी पाहिलेली नाही. घरी ते एक डोळा मिटून अंदाज घेतात.

या शहरात तीस-तीस वर्षं राहिलेल्या मराठी इंजिनिअरांचा एक गट आहे आणि दाजी त्यातले मानाचे सभासद आहेत. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी पोहे होतात. पोह्यांनंतर यजमान स्वतः दुरुस्त केलेली एखादी वस्तू आतून आणतो. मिक्सरचं झाकण, बादलीचा कान, चष्म्याची काडी. वस्तू हातोहात फिरते. प्रत्येक जण ती उजेडाकडे धरतो, जोडावरून नख फिरवतो आणि विचारतो, कशाने चिकटवलं? मिस्त्री बोलावला असं कबूल करणारा माणूस त्या गटात मी पाहिलेला नाही. मिस्त्री सगळ्यांच्याच घरी येतो. नवरे बाहेर गेले की बायका त्याला फोन करतात.

ताईच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला वस्तू कशा धरायच्या ते सांगावं लागतं. निळ्या मगाला खालून आधार द्यायचा. फ्रिजचं दार मुठीने ओढायचं नाही, कडेत बोटं घालायची. बाथरूममधल्या साबणदाणीत नवा साबण ठेवायचा नाही, झिजलेला चालतो. मागच्या दिवाळीत एका पाहुण्यांना मगाचा नियम सांगायचा राहिला. कान त्यांच्या बोटांत राहिला आणि चहा मांडीवर आला. पाहुणे बाथरूममध्ये पँट धूत होते तेव्हा दाजींनी तुकडे जुळवून मला दाखवले.

"पाहा. जोड नाही तुटला. जोडाच्या बाजूला तुटला. म्हणजे जोड पक्का होता."

सुपर ग्लूच्या ट्यूब ते फ्रिजच्या दारात ठेवतात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. बहुतेक ट्यूब एकेकदाच वापरलेल्या. टोपण चिकटून बसतं, मग पोटाला टाचणीने भोक पाडलं जातं, भोकातून आलेल्या थेंबाला शेजारच्या दोन ट्यूब चिकटतात. त्या डब्यात हात घातला तर ट्यूब सुट्या येत नाहीत, झुबक्याने येतात.

सुपर ग्लू घाईच्या माणसांना आवडतो. खरं तर त्याचं मागणं फार नसतं. दोन स्वच्छ, नीट बसणाऱ्या कडा, मध्ये एक थेंब, थोडा वेळ दाब आणि मग हात काढून घेणं. यातलं शेवटचं दाजींना जमत नाही. ते दर दोन मिनिटांनी बोट लावून बसलं का ते बघतात. त्यामुळे घरातल्या प्रत्येक जोडावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा वाळलेला आहे.

इपॉक्सीशी त्यांचं वैर दोन हिवाळ्यांपूर्वीचं. बेसिनला तडा गेला होता. दोन ट्यूबांचा इपॉक्सी आणला, एका ट्यूबमध्ये राळ, दुसऱ्यात ती कडक करणारं हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात कालवायचं असतं. इथल्या जानेवारीत दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही, धुकं दारापर्यंत येतं, इपॉक्सी सावकाश बसतो. ताई त्या दिवसांत दुधाला विरजण जास्त लावते. दाजींनी ते पाहिलं होतं. त्यांनी हार्डनर दुप्पट घातलं.

दही लागलं. इपॉक्सी लागला नाही. हार्डनर जास्त झालं की इपॉक्सी लवकर नाही बसत, तो कधीच पुरता बसत नाही, नुसता चिकट राहतो. मार्चपर्यंत त्या तड्यावरच्या पट्टीला साबणाचा फेस, टूथब्रशचे दोन केस आणि एक मुंगी चिकटली होती. एप्रिलमध्ये दाजी अमरावतीला लग्नाला गेले असताना ताईने नवीन बेसिन बसवून घेतलं. परत आल्यावर दाजींनी ते पाहिलं आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मात्र या सगळ्यातून त्यांनी एक निष्कर्ष काढला आणि तो पोह्यांच्या बैठकीत जाहीर केला: चंडीगडच्या थंडीत इपॉक्सी बसत नाही.

भाचीचं मॉडेल या निष्कर्षाने खराब झालं.

ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. या शहरात जन्मली, इथेच शिकली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. आदल्या जूनमध्ये ती ज्युरीत नापास झाली होती. ज्युरी म्हणजे तीन परीक्षक मॉडेलभोवती उभे राहतात, विद्यार्थी बोलतो, ते प्रश्न विचारतात. तिचा विषय मोहालीच्या कडेला एक सार्वजनिक वाचनालय हा होता. बाहेरून आलेल्या परीक्षकाने मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि म्हटलं, "अंदर क्या हो रहा है, बाहर से दिखता ही नहीं." मॉडेलच्या खिडक्या तिने निळ्या कार्डाच्या केल्या होत्या.

पुण्यातल्या एका लहान आर्किटेक्ट कचेरीने तिला निवडलं होतं. निकाल लागला की रुजू व्हायचं. जूननंतर त्यांनी थांबायचं कबूल केलं, पण फेब्रुवारीपर्यंतच. जानेवारीची ज्युरी चुकली तर पुढची जूनमध्ये, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाची झालेली असणार होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दाजींना सगळ्यांत जास्त माहीत होतं. पुण्याच्या कचेरीचा पत्ता त्यांनीच नकाशात शोधून ठेवला होता.

या वेळी तिने भिंती पातळ लाकडी फळीच्या केल्या आणि खिडक्यांच्या जागी अ‍ॅक्रिलिकची अकरा तावदानं मशीनवर कापून आणली. मधलं चार तावदानांचं दालन वाचनाचं. आत टेबलं, टेबलांवर पुस्तकं, नखाएवढी. आदल्या रविवारी तिने एक तावदान मला दाखवलं. कडेला धरून. मी हात पुढे केला तर तिने मागे घेतलं.

"मामा, किनारे से. उँगली का निशान पड़ता है."

मी कडेला धरलं.

ज्युरीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकराला ती सेक्टर ३४मध्ये नकाशांचे मोठे प्रिंट आणायला गेली. तावदानं दुपारी परतल्यावर इपॉक्सीने बसवायची होती. दोन्ही ट्यूब तिने आणून ठेवल्या होत्या. रात्रभर बसेल, सकाळी न्यायचं, असा हिशेब होता. दारातून ती म्हणाली, "पापा, मॉडल को हाथ मत लगाना." दाजी वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "पक्का."

पुढच्या दोन तासांचं जे इथे आहे ते ताईने सांगितलेलं. दाजींनी त्यातलं काही नाकारलेलं नाही.

साडेअकराला त्यांनी श्रीखंडाचा डबा उघडला. त्यातली एकही ट्यूब चालली नाही. ते मार्केटमध्ये जाऊन नवीन ट्यूब घेऊन आले. ताई कणीक मळत होती.

"अहो, तिने हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"हात कुठं लावून राहिलो? चिकटवून राहिलो."

"तिला येऊ दे."

"येऊन काय करते ते? इपॉक्सी. या थंडीत बसते का इपॉक्सी? बेसिनचं पाह्यलं ना तू."

"मी पाहिलं. तुम्हीच नाही पाहिलंत."

"तू पोळ्या कर."

ताई पोळ्या करायला गेली. तिला नंतर वाईट वाटत राहिलं ते दाजींच्या वाक्याचं नाही, स्वतःच्या जाण्याचं.

साडेबाराच्या सुमाराला अकराही तावदानं बसली होती. सात ट्यूब रिकाम्या झाल्या होत्या. या कामाला एक पुरली असती. मग दाजींनी तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही विचार करून केल्या. धूळ बसू नये म्हणून मॉडेलवर मोठा खोका उपडा घातला. ऊब मिळावी म्हणून खोक्याच्या कडेतून वायर घेऊन साठ वॉटचा जुना बल्ब आत लावला. आणि बल्बने हवा कोरडी होऊन लाकूड तडकेल या भीतीने आत पाण्याची वाटी ठेवली. इथे हिवाळ्यात सगळेच हीटरजवळ पाणी ठेवतात. वाटी त्यांनी हीटरपुढचीच उचलली, त्यामुळे पाणी गरम होतं.

मी एकला पोचलो. रविवारी मी ताईकडे जेवतो.

"या पत्रकार," दाजी म्हणाले. "टेबल अर्धंच मिळेल आज."

"खोक्यात काय आहे?"

"उबवून राहिलो."

"अंडी?"

"तुमच्या भाचीचं करिअर."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि ताट मांडलं. जेवण पाऊण तास चाललं. खोक्याची एक कड टेबलावर नीट बसली नव्हती, त्या फटीतून बल्बचा उजेड माझ्या डोळ्यांवर येत होता. मी वर्तमानपत्राची घडी करून ती फट बंद केली. खोलीत डोळ्यांना झोंबणारा वास होता. दाजी म्हणाले, ग्लूचा वास आहे, निघून जाईल.

इथे एक माहिती नोंदवायला हवी. काही वर्षांपूर्वी मी गुन्ह्यांच्या बातम्या करत असताना बोटांचे ठसे कसे उठवतात ते एका तज्ज्ञाने मला करून दाखवलं होतं. एक बंद पेटी. आत सुपर ग्लूचे थेंब, खाली ऊब, बाजूला वाटीत गरम पाणी. ग्लूची वाफ पेटीत फिरते, दमट हवेत बोटांच्या न दिसणाऱ्या घामावर बसते आणि ठसा पांढरा होऊन वर येतो. मी त्यावर सहाशे शब्द लिहिले होते. म्हणजे एक ते पावणेतीन मी ज्या खोक्यासमोर बसलो होतो त्यात काय चाललं आहे हे मला माहीत असायला हवं होतं. ते मला आठवलं नाही, की आठवलं आणि जेवणानंतर सांगू असं वाटलं, याची खात्री मला स्वतःलाही करता आलेली नाही.

पावणेतीनला भाची आली. प्रिंटची गुंडाळी तिने खुर्चीवर ठेवली. खोका बघितला, वायर बघितली, वडिलांकडे बघितलं. मग खोका उचलला.

दाजी उठले.

"दव आहे," ते म्हणाले. "पुसलं की जाते." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने एक तावदान पुसलं. काही गेलं नाही. अजून जोरात पुसलं. चौकट करकरली.

"पापा, छोड़ो."

"पाणी होतं ना आत, म्हणून..."

"छोड़ो."

टॉवेल खाली आला. भाची वाकली आणि तावदानाकडे तिरकं बघू लागली. मग मलाही दिसलं. पांढरेपणा सारखा नव्हता. सगळीकडे पातळ धुकं होतं आणि त्यात मधूनमधून दाट, अंडाकृती, रेघारेघांचे डाग. अंगठे, तर्जन्या. एका तावदानावर अख्खा पंजा होता.

"मी फक्त कडेला लावलं," दाजी म्हणाले. "मधे हात नाही लावला."

भाचीने मोजायला सुरुवात केली. मोठ्याने, हिंदीत. पहिल्या तावदानावर नऊ. दुसऱ्यावर चौदा. तिसऱ्यावर तिने अंगठे वेगळे मोजले. चौथ्यावर ताई म्हणाली, "पुरे."

"ट्यूब डुप्लिकेट असतील," दाजी म्हणाले.

"सातही?" मी विचारलं.

"तुम्ही पेपरवाले नुसतं विचारता. काही करता का कधी?"

मी त्यांना ठसे उठवायची पेटी सांगितली. ऊब, बंद खोका, गरम पाणी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे पद्धत बरोबर होती." हे त्यांनी थट्टेने म्हटलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं नसतं. ते आत गेले आणि ताईच्या कपाटातून नेलपॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेऊन आले. बोटांवरचा ग्लू त्याने जातो, म्हणून तावदानावरचाही जाईल असं त्यांचं म्हणणं. भाची तोवर फोनवर होती, मोहालीतल्या कटिंगवाल्याचं दुकान उघडं आहे का ते विचारत. बंद होतं, रविवार. तिने वळून बघितलं तेव्हा कापूस मोठ्या तावदानावरून दोनदा फिरला होता. धुकं गेलं नाही. त्याखाली बारीक तड्यांचं जाळं पसरलं.

तिने त्यांच्या हातातून कापूस काढून घेतला. "आप बैठ जाओ, पापा. प्लीज़." दाजी बसले. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटलेली होती. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने एका काकूंना फोन लावला. या काकू मराठी, सोलापूरकडच्या, सेक्टर ३०मध्ये राहणाऱ्या. एका प्रयोगशाळेत भिंगं आणि त्यांच्या चौकटी चिकटवणं हे त्यांचं रोजचं काम. पोह्यांच्या बैठकीला त्यांचे यजमान येतात, त्या येत नाहीत. भाचीने फोन स्पीकरवर ठेवून काय झालं ते सांगितलं, त्यामुळे काकूंचं उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"पुसू नको. घासू नको. पांढरी झाली ती गेली. साधं अ‍ॅक्रिलिक किती उरलंय?"

"चार का निकलेगा, आंटी. मुश्किल से."

"मग चारच लाव. कुठली चार ते तू ठरव. जुनी काढताना चौकट तुटू देऊ नको, ग्लू ठिसूळ असतो, पातं घालून हलकेच पीळ. नवीन कापलेल्या कडा साबणाच्या पाण्याने पूस. स्पिरिट नको हं, कडांना तडे जातात. इपॉक्सी आहे ना?"

"है. लेकिन पापा कहते हैं ठंड में..."

"थंडीत वेळ लागतो. बसतो. खोली गरम ठेव, तेलाचा हीटर, दार बंद. ट्यूबवर लिहिलंय तेवढंच हार्डनर, डोळ्यांनी नाही, वजनकाट्यावर. आणि तुला लागेल चमचाभर, पण वीस ग्रॅम कालव. थोडंसं घेतलंस तर काट्याची चूकच मोठी होते. उरलेलं फेकून दे. कडेला काडीने लावायचं. मग बारा तास कुणी बोट लावायचं नाही."

"किसी ने भी?"

"कुणीच नाही," काकू म्हणाल्या. "घरात कोण आहे ते मला माहीत आहे."

ताई हसली. त्या दिवसात तेवढंच.

साडेतीन ते सहा भाचीने काम केलं. तिने वाचनाच्या दालनाची चार तावदानं निवडली. बाकीच्या सात चौकटी उघड्या ठेवल्या. पांढरी तावदानं पात्याने एकेक निघाली. दहा अखंड निघाली, तड्यांचं तुटलं. अ‍ॅक्रिलिक तिने पट्टी आणि कटरने हातानेच कापलं, प्रत्येक रेघेवर वीसदा. स्वयंपाकघरातला काटा आणला, त्यावर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण ठेवून ते शून्य केलं. दाजी दारात उभे होते.

"थोडं जास्त घाल," ते म्हणाले. "तुझी आई पण थंडीत विरजण जास्त..."

"अहो," ताई म्हणाली. पुढे काही म्हणावं लागलं नाही.

मी टेबललॅम्प धरला होता. माझं काम एवढंच होतं आणि ते मी नीट केलं. इपॉक्सीचं मिश्रण मधासारखं दिसत होतं. काडीच्या टोकाने ती चौकटीच्या खाचेत रेघ ओढत होती, न थांबता, एका श्वासात. चौथं तावदान बसवल्यावर तिने दोन्ही हात वर केले आणि मागे सरकली.

मॉडेल तिने स्वतःच्या खोलीत नेलं, खाली फळी धरून. तेलाचा हीटर लावला, पाण्याची वाटी बाहेर ठेवली. सहा वाजून पाच मिनिटांनी तिने खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली जीन्सच्या खिशात टाकली. त्या दारांना कुलूप लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. झोपायला ती ताईच्या खोलीत गेली.

मी साडेसातला निघालो. तोवर दाजी दोनदा त्या दारापर्यंत जाऊन आले होते. दुसऱ्यांदा भाची त्यांच्यामागे उभी होती.

"फक्त पाहतो. बसलं का."

"नहीं."

"हात नाही लावत."

"पापा."

"बरं," दाजी म्हणाले आणि कुलूप हलवून बघितलं. कुलूप पक्कं होतं. ते त्यांनी बसवलेलं नव्हतं.

मी निघताना ते ओट्याजवळ गरम पाण्यात बोटं बुडवून बसले होते. मी बूट घालत असताना म्हणाले, "जूनमध्ये खिडकीतून दिसलं नाही म्हणून नापास केलं ना तिला. मला वाटलं, ती येईपर्यंत लागलेलं दिसावं." त्यांच्या अडतीस वर्षांच्या संसारात, ताई सांगते, एखाद्या कामाचं कारण त्यांनी सांगितलं असं दोनदा-तीनदाच घडलं आहे. कारण चांगलं होतं. तावदानं त्यामुळे पारदर्शक झाली नाहीत.

सोमवारी सकाळी साडेसातला भाचीने कुलूप काढलं. ताई तिच्याबरोबर आत गेली, दाजी गेले नाहीत. इपॉक्सी बसला होता. चारही तावदानं स्वच्छ होती. मॉडेल टॅक्सीने गेलं, मांडीवर. दाजी फाटकापर्यंत आले आणि टॅक्सीवाल्याला गतिरोधकावर हळू घे म्हणून तीनदा सांगितलं.

ज्युरी पंचवीस मिनिटं चालली. भाचीने संध्याकाळी ताईला जे सांगितलं ते असं. बाहेरचा परीक्षक तोच होता. त्याने फेरी मारली, खाली वाकून वाचनाच्या दालनात बघितलं, मग एका उघड्या चौकटीतून पेन्सिल आत घालून एका टेबलाला टोक लावलं. विचारलं, "बाक़ी के शीशे?"

"लगे थे, सर. निकाल दिए."

"क्यों?"

"साफ़ नहीं थे."

त्याने पुढचा प्रश्न जिन्याबद्दल विचारला.

निकाल बुधवारी लागला. ती पास झाली. गुण ताईने मला सांगितले, पण ते इथे देण्याइतके महत्त्वाचे नाहीत. दाजींनी गटाच्या ग्रुपवर ही बातमी टाकली आणि खाली लिहिलं की मॉडेलचं चिकटवण्याचं काम घरीच केलं. त्याखाली अंगठ्यांची चित्रं आली. ताईने ती मोजली नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पोहे दाजींच्या घरी झाले. पोह्यांनंतर त्यांनी आतून काही आणलं नाही. कोणी विचारलं तर म्हणाले, या महिन्यात काही तुटलं नाही. निळा मग शेल्फवर होता, कान भिंतीकडे करून.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी भाची पुण्यात रुजू झाली. मॉडेल तिच्या खोलीत आहे. खोलीला कुलूप आहे. किल्ली ती बरोबर घेऊन गेली, आणि ताईने दुसरी करून घेतलेली नाही.